वैनगंगेला वर्धा सापडेना

लटारू दुर्गे हे नाव मी माझ्या हाताने काढून टाकलं, आणि आठवडा उलटायच्या आत ते परत आलं.

आमच्या आरोग्य संस्थेचं मोठं रुग्णालय चंद्रपूरला आहे आणि दोन लहान, आरमोरीला आणि पोंभुर्ण्याला. डॉक्टर असो, नर्स असो की औषधं देणारा असो, सकाळी कॉम्प्युटरसमोर बसला की आपलं नाव आणि पासवर्ड टाकतो. तो कॉम्प्युटर स्वतः काही ठरवत नाही. तो सर्व्हरला विचारतो, ह्या माणसाला ओळखतोस का? सर्व्हर हो म्हणाला तर पेशंटची माहिती उघडते, नाही म्हणाला तर बसा तसेच. सगळ्या माणसांची ओळख अशी एका जागी ठेवलेली. ती सांभाळणं हे माझं काम. माझ्याआधी ते लटारूभाऊंचं होतं, आणि मला जे काही येतं त्यातलं बरंचसं त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून आलं आहे.

निवृत्तीनंतर दोन वर्षं संस्थेने त्यांना सल्लागार म्हणून ठेवलं, म्हणून त्यांचं नाव यादीत राहिलं. ती मुदत संपल्यावर वरून निरोप आला की आता काढा. काढताना जरा थांबले, मग काढलं. आणि काही दिवसांनी दुसऱ्याच कोणाचं नाव शोधायला यादी उघडते तर लटारूभाऊ आपल्या जागी जसेच्या तसे. मला वाटलं, माझ्याच हातून राहिलं असेल. पुन्हा काढलं. पुन्हा आले.

त्याच सुमारास आरमोरीहून बुधरी सिस्टरांचा फोन आला. बुधरी मडावी ह्या आरमोरीच्या रुग्णालयातल्या सगळ्यात जुन्या नर्स. त्या चंद्रपूरला प्रशिक्षणाला आल्या होत्या, इथे त्यांनी पासवर्ड बदलला होता.

"मॅडम, नवा पासवर्ड इथी चालत नाई," त्या म्हणाल्या. "जुनाच चालते. अन् ते नव्या डॉक्टर आल्या न उर्वशी मॅडम, त्यायले त मशीन वळखतच नाई."

डॉक्टर उर्वशी भोयर यांचं नाव मी चंद्रपूरच्या सर्व्हरवर दिवाळीनंतर घातलं होतं. इथे ते होतं. आरमोरीला नव्हतं. म्हणजे दोन सर्व्हर आता दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते.

दोन सर्व्हर कशाला, तर आरमोरीपर्यंतची लाईन कधी तुटेल याचा भरवसा नसायचा. रस्त्याचं खोदकाम निघालं की केबल गेली, वादळ आलं की टॉवर गेला. म्हणून चंद्रपूरच्या सर्व्हरची हुबेहूब नक्कल आरमोरीला ठेवलेली. इथे काही बदललं की तिथे कळवायचं, तिथे बदललं की इथे. ह्या निरोपानिरोपीवर सगळं चालतं. लटारूभाऊंनी ती दोन मशीनं बसवली तेव्हा त्यांना नावंही दिली होती. ते बल्लारपूरचे, म्हणून चंद्रपूरच्या मशीनचं नाव वर्धा. आरमोरीच्या मशीनचं वैनगंगा. मी पोंभुर्ण्याजवळच्या खेड्यातली. मी एकदा म्हटलं होतं, "भाऊ, आमच्या अंधारी नदीनं काय घोडं मारलं?" तर म्हणाले, "अवो, मशीनले अंधारी नाव ठेवलं त ते चालू होईन काय?"

मी नोकरीला लागले तेव्हा सर्व्हरची खोली म्हणजे रुग्णालयाची जुनी चादरींची कोठी होती. भिंतीतून फिनेलचा वास कधी गेलाच नाही. लटारूभाऊ दाराबाहेर तंबाखूचा खर्रा थुंकून, चूळ भरून, रुमालाला हात पुसूनच आत यायचे. उंच, किंचित वाकलेला माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर. त्यांचे वडील पेपर मिलमध्ये कामाला होते. भाऊंनी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, बल्लारपूरच्या बाजारात काही वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, मग संस्थेत एक्स-रे मशीन आणि बॅटऱ्या बघायला म्हणून आले आणि पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तोही त्यांच्याच गळ्यात पडला. ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम असला की लाऊडस्पीकरच्या तारा ओढायला तेच. रोज सकाळी बल्लारपूरहून गाडीने चंद्रपूर, स्टेशनवर ठेवलेली मोटारसायकल काढून रुग्णालय. संध्याकाळी उलट. एवढ्या वर्षांत त्यांची गाडी चुकल्याचं मला आठवत नाही, उशिरा सुटल्याचं मात्र फार आठवतं, कारण मग ते स्टेशनवरून फोन करून शिकवत बसायचे.

शिकवायची त्यांची एकच रीत होती. मी घाईघाईने काहीतरी दाबायला गेले की माझ्या हातापुढे आपला हात आडवा धरायचे. "थांब. आधी ते कोणाले शोधून राह्यलं ते पाय. मंग काऊन सापडत नाई ते पाय. मंग हात लाव." पाच मिनिटांनी चहा मागवायचे, बशीत ओतायचे, आणि तोपर्यंत मला कळलेलं असायचं.

तर मी हात लावला नाही. आधी पाहिलं. आरमोरीकडून चंद्रपूरला निरोप येत होते. चंद्रपूरकडून आरमोरीला एकही पोचत नव्हता, दिवाळीपासून. दिवाळीत आमच्या सर्व्हरची खोली नव्या इमारतीत गेली, नवी लाईन आली, तिच्याबरोबर वर्धाचा पत्ता बदलला. पण पत्ता बदलला म्हणून अडायला नको होतं. मशीनं एकमेकांना नावाने शोधतात, आणि नाव सांगितलं की आजचा पत्ता सांगणारी एक सोय असते, टेलिफोनच्या चौकशी खात्यासारखी. तिथे मी नवा पत्ता घातला होता. आरमोरीच्या मशीनवर इथूनच शिरून मी विचारलं, वर्धा कुठे राहते? तिने बरोबर नवा पत्ता सांगितला. मग म्हटलं, जा तिच्याकडे. तर निघाली ती जुन्याच घरी.

पुन्हा विचारलं. पुन्हा बरोबर सांगितलं आणि पुन्हा जुन्या घरी गेली. लाईन मधेच बसली, मी बाहेर फेकले गेले.

लटारूभाऊंचं परत येणं मात्र मला आता उलगडलं होतं. मी त्यांना काढलं ही बातमी आरमोरीला पोचलीच नव्हती. तिथे ते अजून कामावर होते. आणि तिथे कोणीतरी त्यांचं नाव वापरत होतं. नाव वापरलं की त्या नोंदीत बारीकसा बदल होतो, तो बदल आरमोरी चंद्रपूरला कळवते. चंद्रपूर म्हणतं, हा कोण बुवा, माझ्याकडे नाही. मग आरमोरी अख्खा माणूसच पाठवून देते.

त्या दुपारी मी बल्लारपूरला फोन लावला.

"भाऊ, तुम्हाला काढलं तरी तुम्ही परत येऊन राह्यले," मी म्हटलं.

फोनवर मोठ्याने हसू आलं. "काय म्हणतं? मी त घरी बसलो हाओ. कांताले विचार." कांता म्हणजे त्यांची बायको.

मी सगळं सांगितलं. नवा पत्ता, बरोबर उत्तर, जुन्या घरी जाणं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की पलीकडे हसणं थांबलं आहे.

"जुन्याच घरी जाते म्हणतं?"

"हो. उद्या जाऊनच येते. लाईन धड नाही, आणि बहुतेक ते मशीन रिकामं करून पुन्हा भरावं लागेल."

ते म्हणाले, "मी येऊ काय संगं?"

आम्ही संस्थेच्या गाडीने निघालो. भाऊ बल्लारपूरहून नेहमीच्या गाडीने आले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर. दोन वर्षांत केस पार पांढरे झालेले. माघाचे दिवस. धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोळीचं पीक हिरवं होतं, मधूनमधून गुरं. मूल गावापर्यंत ते नुसते गप्पा मारत होते, कोण कुठे बदलून गेलं, कोणाचं लग्न झालं, कँटीनचा चहा अजून तसाच पाणचट आहे का. मूलला आम्ही चहा प्यायलो. तिथून पुढे ते खिशातला टेस्टर हातात फिरवत बसले. सावली गाव मागे पडल्यावर म्हणाले, "रश्मी, तो पत्ता मीच लिवला हाय."

"कोणता?"

"वर्धाचा. वैनगंगेवर. हातानं लिवून ठेवला. हातानं लिवलेलं असलं त मशीन चौकशी करत नाई. विचारलं त सांगते चौकशीवालं, पण जाते मी सांगतलं तिथीच."

मला हे सुचायला हवं होतं. चौकशीची सोय मी चारदा तपासली होती, आणि हाताने लिहिलेल्या जागेकडे एकदाही पाहिलं नव्हतं, कारण आजकाल तिथे कोणी काही लिहीत नाही. मी तसं म्हणाले.

"आजकाल नाई लिवत," ते म्हणाले. "तवा लिवावं लागे."

आणि मग वैनगंगेचा पूल येईपर्यंत त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी नोकरीला लागायच्या आधीची. आरमोरीचं मशीन नवं होतं. त्याला पत्ता सांगणारी सोय चंद्रपूरलाच होती, म्हणजे लाईन गेली की पत्ताही गेला, आणि लाईन परत आली तरी मशीन एकदा रुसलं की रुसलं, बंद करून चालू करावं लागे. त्या दिवशी भाऊ बॅटऱ्या बदलायला आरमोरीलाच गेले होते. उन्हाळा, दुपार. कुरखेड्याकडच्या एका गावातून सिकलसेल आजाराची मुलगी आणली होती. अंग दुखून तळमळत होती, बाप तिला खांद्यावरून घेऊन आला होता. डॉक्टर नवे, मुलगी त्यांनी कधी पाहिलेली नाही. आधी तिला कधी रक्त चढवलं, कोणत्या औषधाने तिला त्रास झाला होता, सगळं कॉम्प्युटरमध्ये. आणि लाईन परत आली, मशीन बंद करून चालू केलं, तरी कॉम्प्युटर कोणालाच ओळखेना. डॉक्टरांना नाही, सिस्टरांना नाही.

"बुधरी माह्याकडे पाहे," भाऊ म्हणाले. "नुसती पाहे. मले त्या पोरीचं कण्हणं आयकू येत होतं. मी आधी पायलं, ते कोणाले शोधून राह्यलं. ते वर्धाले शोधून राह्यलं होतं. मी म्हटलं, तुले मी सांगतो ती कुठी हाय. लिवला पत्ता. उघडलं."

"मग बरोबरच केलं तुम्ही."

"तवा बरोबर केलं." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "नंतर पुसणार होतो. पण त्याच्यानंतर ते मशीन कधी रुसलंच नाई न. मी म्हटलं, राहू दे. अन् मंग मी इसरून गेलो. तुले सांगतलं नाई ते चुकलं."

नदीत पाणी कमी होतं, रेतीचे पट्टे उघडे पडले होते. खरं तर मला त्या उन्हाळ्यातल्या भाऊंचा हेवा वाटत होता.

आरमोरीला बुधरीबाई दारातच उभ्या होत्या. भाऊंना पाहून त्यांनी आधी तोंडावर हात ठेवला, मग जोहार केला, मग म्हणाल्या, "किती वाळले!" त्यांच्या मागून एक तरुण बाई आल्या, गळ्यात स्टेथोस्कोप. डॉक्टर उर्वशी.

"तुम्हीच का लटारू दुर्गे?" त्यांनी विचारलं. "इथे आल्यापासून मी तुम्हीच आहे."

सगळे हसले. मग बुधरीबाईंनी सांगितलं. भाऊंनी निवृत्तीच्या वेळी त्यांना आपला पासवर्ड देऊन ठेवला होता, कधी अडलं तर असू द्या म्हणून. नियमात हे बसत नाही. त्या त्याने फक्त पेशंटच्या नावनोंदणीच्या खिडकीवरचा कॉम्प्युटर उघडायच्या. पण नव्या डॉक्टरांना मशीन ओळखेना, बाहेर पेशंटची रांग, तेव्हा त्यांनी त्यांनाही तोच उघडून दिला.

"म्हणजे," भाऊंनी हळूच विचारलं, "पेशंट तपासणाऱ्याच्या जागी माहं नाव येते काय?"

डॉक्टर उर्वशींनी एक नोंद उघडून दाखवली. चार महिन्यांची गरोदर बाई, रक्त कमी, लोहाच्या गोळ्या. तपासणारे: लटारू दुर्गे.

ह्या वेळी कोणी हसलं नाही. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे नाई चालत," ते म्हणाले. "हे बिलकूल नाई चालत, बाई. उद्या कोणी इचारलं त म्या काय सांगू? ही बाई मी पायलीच नाई."

"मी कागदावरही लिहून ठेवलं आहे, माझ्या सहीने," डॉक्टर म्हणाल्या. "दुरुस्त करता येईल."

"करू," मी म्हणाले. "आजच तुमचं नाव इथे येईल. मग तुम्ही एकेक नोंद उघडून खाली आपल्या नावाने खुलासा लिहा. जुनं पुसायचं नाही."

भाऊंना ते पटलं, पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. बुधरीबाई अपराध्यासारख्या उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे पाहून ते म्हणाले, "तुह्यी काही चूक नाई. मीच देल्ला होता न."

वैनगंगा मागच्या व्हरांड्यातल्या लहान खोलीत होती. धूळ पुसलेली, वर प्लास्टिकचं कापड. मी बसले, भाऊ शेजारी स्टुलावर. जागा उलट्या झाल्या होत्या हे दोघांच्याही लक्षात आलं. मी ती हाताने लिहिलेली जागा उघडली. एकच ओळ होती, एक आकडा आणि पुढे नाव. भाऊ पुढे वाकले.

"पुसू?" मी विचारलं.

"पुस."

पुसलं. वैनगंगेला पुन्हा सांगितलं, जा वर्धाकडे. ती नव्या घरी गेली.

पण तिथे संपण्यासारखं नव्हतं. इतके महिने वेगळ्या राहिलेल्या दोन याद्या एकदम एकमेकींत सोडल्या तर काढलेली आणखी काही नावं वर यायची, नव्यावर जुनं बसायचं. भाऊ आणि मी त्यावर थोडा वेळ बोललो. ते म्हणत होते, जी नावं तिकडे निघाली तेवढी इथून हाताने काढू. मला तो धोका नको होता. "भाऊ, हाताने नको," मी म्हणाले. "एखादं राहून जाईल आणि पुन्हा वर येईल. सगळं रिकामं करू आणि चंद्रपूरचं जे आहे तेच भरू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "तू म्हणतं तसं कर. पण रिकामं कराच्या आधी पाय, इथलं असं काही हाय काय जे तिकडं नाई."

पाहिलं. इथल्या दोन नर्सनी दिवाळीनंतर इथेच पासवर्ड बदलले होते. आरमोरीचे निरोप चंद्रपूरला पोचत होते, त्यामुळे ते तिकडे सुखरूप होते. तरीही मी त्या दोघींची नावं वेगळी उतरवून घेतली. मग वैनगंगेला सांगितलं, विसर सगळं. आणि चंद्रपूरहून भरणं सुरू केलं. बाहेरच्या खिडकीवर तोवर कागदावर कारभार.

लाईन हळू होती. दुपार त्यातच गेली. बुधरीबाईंनी पोपटीच्या, म्हणजे वालाच्या शेंगा उकडून आणल्या, मिठाच्या. व्हरांड्यात बसून आम्ही त्या सोलून खाल्ल्या. भाऊ आणि बुधरीबाई जुन्या गोष्टी काढत होते. पहिला कॉम्प्युटर बैलबंडीतून आणला होता, कारण नाल्याला पाणी होतं आणि गाडी पलीकडेच अडली होती. भाऊंनी तो मांडीवर धरला होता, लहान लेकरासारखा. एक डॉक्टर होते, ते पासवर्ड विसरले की भाऊंना बल्लारपूरच्या घरी फोन करायचे आणि फोन कांताबाई उचलायच्या, तेव्हा ते कांताबाईंनाच पासवर्ड विचारायचे. माकडांनी छतावरची डिश उलटी केली होती. त्या काळात लाईन आली की कोणीतरी व्हरांड्यातून ओरडायचं, "आली!" आणि सगळे धावायचे.

"आता कोणी ओरडत नाई," बुधरीबाई म्हणाल्या. "असतेच लाईन, बहुतेक."

"ती पोरगी?" भाऊंनी एकाएकी विचारलं. "कुरखेड्याची?"

"येते न औषधाले. लगन झालं. लय बोलते आता."

भाऊंनी शेंग सोलून दाणे तसेच हातात धरले. "तवा त नुसती कण्हे," ते म्हणाले.

उन्हं कलताना भरणं पूर्ण झालं. डॉक्टर उर्वशींनी आपलं नाव टाकलं, मशीनने ओळखलं. बुधरीबाईंचा नवा पासवर्ड चालला. मी त्यांना नावनोंदणीची खिडकी उघडायचा अधिकार त्यांच्याच नावावर दिला, म्हणजे दुसऱ्याचं उसनं नाव नको. मग भाऊ म्हणाले, "आता मले पाय. हाओ काय मी."

मी त्यांचं नाव टाइप केलं. नव्हतं. वर्धावर पाहिलं. तिथेही नव्हतं. थोडं थांबून पुन्हा दोन्हीकडे पाहिलं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि उठून नळावर हात धुवायला गेले. हात बराच वेळ धूत होते.

निघताना बुधरीबाईंनी विचारलं, "भाऊ, आता काही अडलं त?"

"रश्मीले फोन करा."

"अन् तुमाले?"

"मले जेवाले बोलवा."

परतीच्या वाटेवर ते डोळे मिटून बसले होते. झोप लागली असं मला वाटलं. गडचिरोली गेलं, पूल गेला. मग डोळे न उघडताच ते बोलू लागले.

"तुले खरं सांगतो. तू फोन केला न, का भाऊ तुमी परत येऊन राह्यले म्हणून. मले लय बरं वाटलं. रात्री कांताले सांगतलं, सकाळी शेजारी सांगतलं. म्हटलं, पाहा, संस्था मले सोडत नाई." ते थोडं हसले. "घरी बसल्यावर पहिले काही महिने फोन येत. सर हे कसं कराचं, ते कसं कराचं. मंग कमी झाले. मंग नाई. बरोबर हाय, तुले येते सगळं. पण फोन वाजला का मी आधी उठो. बहुतेक कंपनीचा असे, रिचार्ज करा म्हणणारा."

मी गेल्या वर्षभरात त्यांना फोन केला नव्हता हे खरं होतं. कामाचं काही निघालं नाही, आणि कामाशिवाय फोन करायची आम्हाला सवय नव्हती. स्टुलावर शेजारी बसून घालवलेली ती सगळी वर्षं आम्ही मशीनबद्दलच बोललो होतो. त्यांना चहा बशीतून लागतो हे मला माहीत होतं, कांताबाई कोणत्या गावच्या हे माहीत नव्हतं.

"कांताबाई कुठल्या, भाऊ?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "राजुऱ्याच्या," ते म्हणाले. "काऊन?"

"असंच."

मग मूलपासून चंद्रपूरपर्यंत ते सांगत राहिले. राजुऱ्याला टीव्ही दुरुस्त करायला गेले होते, त्याच घरची मुलगी. टीव्ही दुरुस्त झाल्यावरही दोनदा जाऊन आले, काही बिघडलं आहे का बघायला. सासऱ्यांना संशय आला. लहानपणी वडिलांच्या जेवणाच्या सुट्टीला मिलच्या फाटकाशी डबा घेऊन उभं राहायचं, तो कागदाच्या लगद्याचा वास, सगळ्या गावाच्या कपड्यांना यायचा. मला चंद्रपूरला उतरायचं होतं, उतरले नाही. ड्रायव्हरला म्हटलं, चला बल्लारपूरला.

कांताबाईंनी दार उघडलं आणि आधी भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "झालं काम?"

"झालं," भाऊ म्हणाले. "ही जेवून जाईन."

पाटोडीची भाजी होती, तांदळाची भाकर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली शोकेसमध्ये एक उघडा टीव्ही, आतल्या तारा बाहेर. कांताबाई मला वाढत होत्या आणि भाऊ डॉक्टर उर्वशींची गोष्ट सांगत होते, ती बाई मी म्हणून पेशंट तपासत होती म्हणे. सांगताना त्यांना आता हसू येत होतं. कांताबाई म्हणाल्या, "तुमी घरची गोळी त येळेवर खात नाई, अन् गरोदर बायांले गोळ्या लिवून देऊन राह्यले!"

डॉक्टर उर्वशींनी पुढच्या काही दिवसांत सगळ्या नोंदींवर खुलासे लिहिले. पत्ता सांगणारी सोय आम्ही आता आरमोरीलाही बसवली आहे, म्हणजे लाईन गेली तरी वैनगंगेला कोणाला विचारायची गरज पडत नाही. दोन्ही मशीनं रोज एकमेकींना सगळं कळवतात. मी सकाळी येऊन एकदा पाहते, मग दुसऱ्या कामाला लागते.

बल्लारपूरला मी अधूनमधून जाते, रविवार मोकळा असला की. मागच्या रविवारी गेले तर भाऊ शेजाऱ्याच्या स्लॅबवर चढून त्यांची डिश वळवत होते. मला पाहून वरूनच म्हणाले, "बस, आलोच." आले नाहीत. खालून शेजारी टीव्ही पाहून सांगत होता, दिसते, गेलं, थोडं डावीकडे, आणि भाऊ वरून त्याला सांगत होते की आधी वायर नीट लाव. कांताबाईंनी अंगणात खाट टाकली, माझ्या हातात सोलायला वटाणे दिले. आम्ही दोघी तिथे बसून ते भांडण ऐकत राहिलो. चहा दोनदा झाला.